बोर्गहिल्ड, नाही म्हणू नकोस लगेच

मला ठाऊक आहे, तुला चालतात फक्त
हवामानाच्या बातम्या, आणि ती बाई
जी दर गुरुवारी मोज्याची टाच विणायला शिकवते.
परग्रहावरचे म्हटलं की तू हात झटकतेस,
बोटांना चिकटलेले माशाचे खवले झटकावेत तसे.
'हिरवी माणसं, उडत्या तबकड्या. पोरखेळ.'

यात तबकडी नाही ग.
आठ भाग पाहिलेत मी, एकदाही नाही.
पहिल्या भागात काय घडतं सांगू?
एक बाई टेबलावर कप मांडते. सहा.
घरात माणसं पाच.
ती मोजते, पुन्हा मोजते,
सहावा उचलून फडताळात ठेवते
आणि कुणी काही बोलत नाही.
एवढंच.
एवढ्यावर मी उठून दाराची कडी लावून आले,
आणि ती कडी आम्ही तीस वर्षांत लावलेली नाही,
गंजली होती, हातोडीनं ठोकावी लागली.

आमच्या ओड्वारला तर तू ओळखतेस.
खेकड्यांच्या पिंजऱ्यापलीकडे त्याची कल्पना जात नाही.
दुसऱ्या भागाला तो भांडी घासायच्या निमित्तानं उठला
आणि कोरडा फडका हातात धरून
स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला, शेवटपर्यंत.

विज्ञान? असेल, रश्श्यात मीठ असतं तेवढं.
एक मास्तर आहे, रेडिओ बिघडला म्हणून चिडणारा.
एक पोरगी आहे, तिला विचारायचंय
की कुत्रा भुंकायचा का थांबला,
आणि मोठी माणसं तिला 'झोप' म्हणतात.
ते येतात. हो, येतात.
कसे, ते सांगणार नाही,
सांगितलं तर जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडशील.
एवढंच सांगते, त्यांना घाई नसते.
त्यांच्याकडे यादी असते.

इथे तुझ्या सुया थांबल्या.

मंगळवारी आलीस, दुपारी दोनला, गडद अंधारात,
बुटांचा बर्फ झटकत, डब्यात वॉफल घेऊन,
'एकच बघीन' म्हणत.
चार पाहिलेस. डबा उघडलाच नाही.
चौथ्यात गावाला दोन तास मिळतात निघायला.
लोक पळतात, दारं उघडी, संगीत चढत जातं,
माझ्या पोटात गोळा,
आणि तू म्हणालीस, 'गाय कुठे गेली?'

कुठली गाय?

'पहिल्या भागात होती, गोठ्यात.
निघताना तिची धार कुणी काढली नाही.
असं होत नाही, योरुन.
आईनं काढली होती.
दूध न्यायला भांडं नव्हतं, बर्फात ओतलं.
मग बादली धुतली, पालथी घातली वाळायला.
सैनिक अंगणात उभा होता, घड्याळ बघत,
तोही थांबला बिचारा बादली वाळेपर्यंत असं वाटलं मला.
मग त्यानं घर पेटवलं.
त्यांच्याकडेही यादी होती. आमचं चौथं.'

चव्वेचाळीसचा नोव्हेंबर. सोरोया बेट.
तू सात वर्षांची.
शेजार आपला इतक्या वर्षांचा,
तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, तुझ्या सुनेचे नखरे,
सगळं मला तोंडपाठ,
आणि ही बादली आज ऐकत होते.
मला काय बोलावं सुचेना.
मी वॉफलचा डबा उघडला.
तू म्हणालीस, 'ते नंतर. पाचवा लाव.'

परवा गुरुवार.
मोज्यांची बाई टाच घालत असेल पडद्यावर,
ऐन त्या वेळी तुझा फोन.
'सहाव्या कपाचं कळलं मला.'
अग, नको सांगूस, शेवटचे दोन भाग यायचेत अजून!
'नाही सांगत,' म्हणालीस,
आणि थोडा वेळ नुसता तुझा श्वास.
'तू फक्त जाऊन बघ,
तुझ्या फडताळात किती आहेत.'